पागेच्या दारातील निष्ठा : कोल्हापूर, १८५७

१/१८
२००५ साली केतन मेहता दिग्दर्शित 'मंगल पांडे : द रायझिंग' हा चित्रपट प्रदर्शित झाला. शिपाई मंगल पांडे आणि कंपनीच्या लष्करातील कॅप्टन विल्यम गॉर्डन यांची मैत्री हा त्या कथेचा कणा आहे. रणांगणावर शिपाई साहेबाचे प्राण वाचवतो. पुढे चरबी लावलेल्या काडतुसांवरून त्या मैत्रीची कसोटी लागते आणि अखेरीस मित्राची फाशी गॉर्डनला थांबवता येत नाही. इतिहासातील मंगल पांडे ८ एप्रिल १८५७ रोजी बराकपूर येथे फासावर गेले. मैत्रीची कथा मात्र पटकथेने रचलेली आहे.

२/१८
या फाशीनंतर सुमारे चार महिन्यांनी एका गोऱ्या अधिकाऱ्याचे प्राण एका मराठी स्वाराने खरोखरच वाचवले. ठिकाण होते कोल्हापूर. अधिकारी लेफ्टनंट विल्यम अलेक्झांडर केर, स्वार गणपतराव देवकर, आणि त्यांच्यासमोर बंड करून उठलेले २७ व्या पलटणीचे शिपाई. चित्रपटाला शोभावा असाच हा प्रसंग आहे. पण तो जसाच्या तसा पडद्यावर आला, तर प्रेक्षकांनी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हे सांगणे अवघड होईल. १८५७ च्या कोल्हापुरात निष्ठावान कोणाला म्हणायचे आणि ती निष्ठा कोणाशी होती, हाच या धाग्याचा विषय आहे.

३/१८
कोल्हापूरचा १८५७ समजण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते. १८३८ मध्ये शहाजी महाराजांचे निधन झाले तेव्हा गादीचे वारस बाबासाहेब अल्पवयीन होते. कालांतराने इंग्रजांच्या पसंतीचे दाजी कृष्ण पंडित कारभारी झाले. गडांच्या रक्षणाच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जमिनी भोगणाऱ्या गडकऱ्यांची जुनी व्यवस्था या नव्या कारभाराने मोडायला घेतली. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पसरत पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांनाच बंडखोरांनी पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले.

४/१८
१३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड पडला आणि १ डिसेंबर रोजी पन्हाळा. गडांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची सत्ता संपली आणि राज्याचा कारभार प्रत्यक्षात इंग्रजांच्या हाती गेला. चार वर्षांनी, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रातील घरोघरच्या इनामांची कागदपत्रे तपासली जाऊ लागली. १८५७ उजाडले तेव्हा कोल्हापुरात जुन्या पराभवाची आठवण ताजी होती. गादीवर बाबासाहेब महाराज होते. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब लोकांत विशेष प्रिय होते.

५/१८
कोल्हापूरच्या छावणीत मुंबई लष्कराची २७ वी पायदळ पलटण होती. तिच्या जोडीने उभारलेली २८ वी पलटण धारवाडला आणि २९ वी बेळगावला होती. या पलटणींत कोकण-देशावरच्या मराठ्यांबरोबर उत्तरेकडील परदेशी शिपाईही होते. अवध आणि बिहारमधील नातलगांच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पत्रांनी आणि तोंडी पोहोचत असत. महिना सात रुपये पगाराचा हा शिपाई एकीकडे कंपनीचे मीठ खात होता, तर दुसरीकडे धर्म, गाव आणि भाऊबंद यांच्याशी बांधलेला होता. मे १८५७ नंतर ही दोन्ही बंधने एकाच वेळी पाळणे त्याला कठीण होत गेले.

६/१८
३१ जुलै १८५७ च्या रात्री ठिणगी पडली. पलटणीतील सुमारे दोनशे शिपाई शस्त्रे घेऊन उठले. मराठी इतिहासलेखनात त्यांचा म्होरक्या म्हणून रामजी शिरसाट यांचे नाव येते. शिपायांचा रोख प्रथम अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडे होता. परंतु त्याआधीच पलटणीच्या हिंदी ॲडज्युटंटने आपल्या आईला बंगल्यांकडे धाडून गोऱ्या स्त्रियांना सावध केले होते. त्या निसटल्या आणि पाठोपाठ रिकाम्या बंगल्यांवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तीन तरुण अधिकारी मात्र अंधारात वाट चुकले आणि पुढे बंडखोरांच्या हाती सापडून मारले गेले.

७/१८
हा ॲडज्युटंट धर्माने यहुदी होता. मुंबई लष्करातील यहुदी अंमलदार सामान्यतः कोकणातील बेने इस्राएल समाजातून येत. मराठी बोलणारा, तेलाच्या घाण्यांवर गुजराण करणारा आणि शनिवार पाळणारा हा समाज 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाई. कंपनीच्या लष्कराने त्यांना प्रतिष्ठेची एक नवी वाट उघडून दिली होती. त्या रात्री या ॲडज्युटंटने वाचवले ते साम्राज्याला की शेजारच्या बंगल्यातील माणसांना, असा भेद त्याने स्वतः केला असेल का? निःशस्त्र स्त्रियांचा जीव वाचवण्यासाठी एका मुलाने आपल्या आईला अंधारात पाठवले, एवढे निश्चित आहे.

८/१८
बंडखोरांनी खजिना लुटला आणि शहराकडे मोर्चा वळवला. शहराचे दरवाजे बंद होते. ज्या शहराच्या भरवशावर ते उठले होते, त्याने ऐन वेळी त्यांना आत घेतले नाही. उठावाचे भवितव्य बहुधा इथेच ठरले. बरेच शिपाई घाट उतरून कोकणच्या दिशेने गेले. एका तुकडीने शहरालगतच्या पागेचा आश्रय घेतला. पागा म्हणजे घोडदळाचे ठाणे. भक्कम भिंती, मजबूत दरवाजे आणि आत इमारती. तोफा नसतील तर असे ठिकाण घेणे सोपे नसे, आणि इंग्रजांकडे त्या क्षणी पुरेसे विश्वासू सैन्यही नव्हते.

९/१८
बातमी साताऱ्याला पोहोचली. तेथे सदर्न मराठा इर्रेग्युलर हॉर्स या घोडदळात सव्वीस वर्षांचा लेफ्टनंट केर होता. स्वारांची एक लहान तुकडी घेऊन तो तातडीने निघाला. सातारा ते कोल्हापूर हे अंतर सुमारे ७५ मैल. पावसाळा ऐन भरात होता आणि वाटेतील नद्या दुथडी भरून वाहत होत्या. स्वारांनी घोड्यांसह त्या पार केल्या आणि फारशी उसंत न घेता कोल्हापूर गाठले. हे बहुसंख्य स्वार मराठी मुलखातले होते. वाटेवरची गावे आणि नद्या त्यांना नवख्या नव्हत्या, आणि ज्यांच्याशी लढायचे होते त्या शिपायांची भाषाही त्यांना परकी नव्हती.

१०/१८
तोफांची वाट पाहण्याऐवजी केरने पागेवर थेट धडक देण्याचे ठरवले. काही स्वारांना त्याने घोड्यांवरून उतरवले. पहारी हाती घेऊन ते दरवाजाला भिडले. या कामात केरच्या शेजारी गणपतराव देवकर होते. आतून गोळीबार चालू असतानाच दरवाजा फुटला आणि अरुंद जागेत हातघाईची लढाई झाली. बंडखोर एका इमारतीतून दुसरीत मागे हटत गेले, पण त्यांनी शस्त्रे ठेवली नाहीत. इंग्रजी गौरवपत्रानेही बचाव करणाऱ्यांनी शेवटपर्यंत प्रतिकार केल्याचे नमूद केले आहे. शत्रूच्या कागदात आलेली ही कबुली लक्षात ठेवण्यासारखी आहे.

११/१८
याच झटापटीत केरवर प्राणघातक वार होण्याची वेळ आली. देवकरांनी पुढे होऊन हल्लेखोराला आडवे केले आणि केर वाचला. अखेर पागा पडली. आतले शिपाई मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. हल्ला करणाऱ्यांनाही मोठी किंमत मोजावी लागली. वसाहतकालीन वीरकथांनी पुढे या प्रसंगाला 'गोरा नायक आणि त्याचा इमानी सोबती' असा साचा दिला. त्या साच्यात देवकर शौर्य गाजवतात, पण स्वतःच्या तोंडाने काही बोलत नाहीत. ते केरचे मित्र होते, हाताखालचे विश्वासू स्वार होते की दोन्ही, याचे उत्तर या कथा केरच्याच बाजूने देतात.

१२/१८
१८५८ मध्ये केरला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. अधिकृत नोंदीत पराक्रमाची तारीख १० जुलै १८५७ अशी आहे. उठाव मात्र ३१ जुलैला झाला! म्हणजे बंड होण्याच्या तीन आठवडे आधीच ते मोडल्याबद्दलचा हा सन्मान ठरतो. पागेवरील हल्ला प्रत्यक्षात ऑगस्टच्या पूर्वार्धातला आहे. सरकारी शिक्का असलेला कागदही तपासून घ्यावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण. देवकरांच्या नावाचेही तसेच झाले. इंग्रजी पुस्तकांत ते 'गम्पंट राव देव कुर' अशा तुटक रूपात येते. मराठी कानाने ऐकल्यावरच त्यात गणपतराव देवकर सापडतात.

१३/१८
एकाच दरवाजावर दोघांनी मिळून पहारी चालवल्या. मग क्रॉस एकालाच का? उत्तर नियमात आहे. १८५६ मध्ये सुरू झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला नव्हता. त्यांच्यासाठी १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा वेगळा सन्मान होता. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची मुभा १९११ साली देण्यात आली आणि पहिला मान १९१४ च्या युद्धातील पराक्रमासाठी खुदादाद खान यांना मिळाला. म्हणजे साम्राज्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदी माणसाच्या निष्ठेला साम्राज्याने मान्यता दिली, परंतु बरोबरी दिली नाही. चित्रपटांतील गोऱ्या-काळ्या मैत्रीच्या कथा पाहताना हा नियम आठवावा.

१४/१८
आजच्या वाचकाच्या ओठांवर 'गद्दार' हा शब्द चटकन येतो. तो उच्चारण्यापूर्वी शिलेदारी समजून घ्यावी. इर्रेग्युलर घोडदळात स्वार स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन येई. त्या बदल्यात त्याला पायदळापेक्षा अधिक पगार मिळे. घोडा हे त्याच्या घरचे भांडवल असे आणि घोडा गेला की नोकरी धोक्यात येई. मराठेशाहीतील शिलेदारही अशाच करारावर निरनिराळ्या सरदारांच्या चाकरीत राहत. ज्याचे मीठ खावे त्याच्यासाठी लढावे, हा तेथला जुना संकेत होता. 'राष्ट्र' ही कल्पना त्या संकेताच्या जागी अजून आलेली नव्हती. तरीही पागेतील शिपायांनीही तेच मीठ खाल्ले होते आणि त्यांनी दुसरा निर्णय घेतला, हे विसरता येत नाही. परिस्थितीने देवकरांचा निर्णय समजतो. पण तो एकमेव शक्य निर्णय होता, असे पागेतील मृतांकडे पाहून म्हणता येत नाही.

१५/१८
ऑगस्टच्या मध्यास कर्नल जॉर्ज ले ग्रँड जेकब कोल्हापुरात सूत्रे हाती घेऊन दाखल झाला. २७ व्या पलटणीची शस्त्रे काढून घेण्यात आली. लष्करी न्यायालये बसली. कोणाला फाशी, कोणाला गोळी, तर कोणाला तोफेच्या तोंडी देण्यात आले. साताऱ्यातही ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर सतरा जणांना अशाच शिक्षा झाल्या. जेकबला कटाचे मूळ शोधायचे होते आणि त्याचा संशय राजवाड्यावर होता. जीवदानाचे आमिष असूनही त्याला हवी तशी माहिती सहजासहजी मिळेना. १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याने या कटाच्या विलक्षण गुप्ततेविषयी आश्चर्य व्यक्त केले आहे.

१६/१८
दहशतीनंतरही कोल्हापूर शांत झाले नव्हते. ६ डिसेंबर १८५७ रोजी शहराचे दरवाजे आतून बंद झाले आणि तटावरून तोफा सुरू झाल्या. जुलैमध्ये शिपाई उठले तेव्हा शहर मिटून बसले होते. आता शहर उठले, तेव्हा शिपाई उरले नव्हते. या उठावाशी कोल्हापूरकर फिरंगोजी शिंदे यांचे नाव जोडतात. जेकबने दरवाजा उडवून शहरात प्रवेश केला आणि त्याच दिवशी प्रतिकार मोडला. झटपट चौकशीनंतर अनेकांना ठार करण्यात आले. दोन्ही उठावांमध्ये चार महिने गेले नसते, तर केरच्या मूठभर स्वारांना कितपत यश मिळाले असते, हा प्रश्न रास्त आहे.

१७/१८
संशयाची सुई चिमासाहेबांवर स्थिरावली. १८५८ मध्ये त्यांना कोल्हापुरातून हलवून कराचीला नजरकैदेत ठेवण्यात आले. अरबी समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या माणसांपासून दूर, १८६९ साली त्यांचा मृत्यू झाला. थोरले बंधू बाबासाहेब इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले. १८६२ च्या कराराने त्यांना कारभाराचे अधिकार बऱ्याच अंशी परत मिळाले आणि दत्तकाचा हक्कही मान्य झाला. १८६६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा तोच हक्क उपयोगी पडला. दत्तक राजाराम महाराज गादीवर आले आणि कोल्हापूरची गादी टिकली. एका भावाने गादी राखली आणि दुसरा लोकांच्या स्मरणात राहिला. थोरल्याचा सावधपणा नसता तर पुढे शाहू महाराजांचे कोल्हापूर घडायला राज्य तरी उरले असते का, याचाही विचार धाकट्याच्या बाजूने बोलताना करावा लागतो.

१८/१८
या सगळ्या निष्ठांचे कागद शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते. केरच्या निष्ठेला पदक मिळाले. देवकरांच्या निष्ठेला मोडक्या इंग्रजीतील नाव मिळाले. ॲडज्युटंट बहुतेक ठिकाणी केवळ 'यहुदी' म्हणून उरला. ज्यांनी जीवदान नाकारून तोंड उघडले नाही, त्यांची निष्ठा तर जेकबच्या वैतागातूनच कळते, कारण मौनाचे दप्तर नसते. म्हणून १८५७ वाचताना एखाद्याला 'एकनिष्ठ' किंवा 'गद्दार' म्हटलेले आढळले, की तो शब्द कोणी लिहिला आणि त्या लिहिण्यातून कोणाचा फायदा झाला, हे आधी पाहावे. कोल्हापुरात आज चिमासाहेबांच्या नावाचा चौक आहे. तेथून जाताना कराचीत गेलेल्या राजपुत्राबरोबर पागेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली मराठी माणसेही आठवावीत. त्या दारापाशी मित्र कोण आणि शत्रू कोण, हे त्यांना आपल्याइतके निवांतपणे ठरवता आले नव्हते.